आंडोर का आंडेर? आंतरलिंगी बाळ, लहानपणीचं ऑपरेशन आणि घाईचा प्रश्न

खान्देशात बाळंतपणाच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काय व्हयनं? आंडोर का आंडेर?’ मुलगा की मुलगी. नर्स एका शब्दात सांगते आणि पेढ्यांची तयारी सुरू होते. पण क्वचित असं बाळ जन्माला येतं की तिला तो एक शब्द सांगता येत नाही. शिश्न म्हणावं तर फार लहान, शिश्निका म्हणावी तर फार मोठी. लघवीची वाट नेहमीच्या जागी नाही. पिशवीत हाताला वृषण लागत नाहीत. मग नातेवाइकांतलं कुणीतरी म्हणतं, ‘लहान आहे तोवर ऑपरेशन करून टाका, पुढे कुणाला कळणारही नाही.’

या एका वाक्यावर जगभर वाद चालू आहे. तमिळनाडूत अशा शस्त्रक्रियांवर २०१९ पासून बंदी आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावरच्या याचिकेवर सरकारला नोटीस काढली. बीड जिल्ह्यातल्या एका महिला पोलिसाला २०१८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मिळाली, ती बातमी मराठी वाचकांना आठवत असेल. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘लिंगबदल’ असा मथळा दिला आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

अशा बाळाच्या बाबतीत एका गोष्टीची घाई करावीच लागते, तीही तासांच्या हिशेबाने: ती म्हणजे रक्ततपासणी. शस्त्रक्रियेला बहुतेक वेळा घाई नसते. घरात मात्र उलटं होतं. ऑपरेशनची चर्चा पहिल्याच दिवशी सुरू होते आणि तपासणी ‘बघू पुढे’वर जाते. त्यात बाळं दगावतात.

आधी दोन शब्द

शरीराची लिंगरचना, म्हणजे गुणसूत्रं, जननग्रंथी (वृषण किंवा अंडाशय), हार्मोन आणि बाहेरचे अवयव, ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात पूर्ण बसत नसेल तर त्या व्यक्तीला आंतरलिंगी म्हणतात. डॉक्टर याला ‘लिंगविकासातील भिन्नता’ म्हणतात. हा एक आजार नाही, तीस-चाळीस वेगवेगळ्या कारणांचा गट आहे. काही कारणं जन्मताच दिसतात, काही पाळी आली नाही म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळतात.

तृतीयपंथी हा वेगळा शब्द आहे. त्यात माणसाला आतून आपण कोण वाटतो हा प्रश्न असतो, तर आंतरलिंगीमध्ये शरीराची जन्मजात घडण. दोन्हींची गल्लत झाली की आईबापांना पहिली भीती वाटते, ‘बाळाला कुणी घेऊन जाईल.’ त्या भीतीपोटी बाळाला घरात लपवलं जातं. तसं करायचं काही कारण नाही. ही बहुतेक मुलं घरातच, मुलगी किंवा मुलगा म्हणून वाढतात.

किती बाळं अशी असतात? जन्मताच बाहेरच्या अवयवांवरून सांगता येत नाही, असं साधारण साडेचार ते पाच हजार बाळांत एक. ‘१.७ टक्के’ हा आकडाही सांगितला जातो. त्यात बाहेरून काहीच न दिसणारे सौम्य प्रकारही मोजलेले असतात, म्हणून त्यावर अभ्यासकांत एकमत नाही.

पोटात काय घडतं

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची घडण एकच असते. एकाच मातीच्या गोळ्यातून पुढे दोन आकार होतात. वाय गुणसूत्रावरचा एक जनुक जागा झाला तर जननग्रंथीचे वृषण होतात. वृषण हार्मोन सोडतात, आणि त्या हार्मोनमुळे जो उंचवटा मुलीत शिश्निका झाला असता तो शिश्न होतो, ज्या घड्या मुलीत योनीचे ओठ झाल्या असत्या त्या जुळून वृषणांची पिशवी होते. म्हणजे हे वेगळे अवयव नाहीत, एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. हार्मोन कमी पडलं, जास्त झालं, किंवा शरीराने त्याला दाद दिली नाही, तर आकार मध्येच कुठेतरी थांबतो.

शहाद्याकडचे पपई लावणारे शेतकरी एक गोष्ट पक्की जाणतात. रोप लावताना ते नर आहे, मादी आहे की उभयलिंगी, हे पानं बघून कळत नाही, फूल येईपर्यंत थांबावं लागतं. ही तुलना तेवढ्यापुरतीच घ्या. माणसात दोन्ही प्रकारचे अवयव पूर्ण काम करणारं ‘उभयलिंगी’ शरीर नसतं, म्हणून आंतरलिंगी बाळाला तो शब्द लावू नये. पण थांबण्याचा मुद्दा खरा आहे. ‘५-अल्फा रिडक्टेज’ नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेली मुलं जन्मताना मुलीसारखी दिसतात. वयात येताना त्यांचा आवाज फुटतो, शिश्न वाढतं, आणि मुलगी म्हणून वाढलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जण पुढे पुरुष म्हणून जगतात. दुसऱ्या वर्षीच ‘मुलगी’ ठरवून वृषण काढले आणि अवयव छाटला, तर त्या माणसाला परत काहीच देता येत नाही.

पाटाचं पाणी: सगळ्यात महत्त्वाचं कारण

बाहेरून न ओळखू येणाऱ्या बाळांत सगळ्यात जास्त आढळणारं आणि जिवावर बेतणारं कारण म्हणजे सीएएच (कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लाझिया). मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा हा जन्मजात दोष आहे. भारतात पाच शहरांत झालेल्या नवजात तपासणीत साधारण ५,७६२ बाळांमागे एक असं प्रमाण आढळलं.

पांझराकाठची फड बागायत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा दोष लगेच कळेल. बंधाऱ्यातून पाट निघतो, त्यावर तीन चाऱ्या आहेत आणि प्रत्येक चारी एका फडाला, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्याला, पाणी देते असं समजा. पहिली चारी शरीरातलं मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनची. दुसरी कॉर्टिसोलची, म्हणजे ताप, उपास, जखम असा ताण सोसायला लागणाऱ्या हार्मोनची. तिसरी पुरुषी हार्मोनची. सीएएचमध्ये पहिल्या दोन चाऱ्यांचं दार पूर्ण किंवा अर्धवट अडकलेलं असतं. ते दार म्हणजे २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम. मेंदूतला पाटकरी बघतो की कॉर्टिसोलचा फड कोरडा पडलाय, म्हणून तो बंधाऱ्यातून आणखी पाणी सोडतो. अडकलेल्या दाराने ते जात नाही, सगळं तिसऱ्या फडात तुंबतं. बाळ मुलगी असेल तर गर्भातच तिच्यावर पुरुषी हार्मोनचा मारा होतो. शिश्निका मोठी होते, योनी आणि लघवीची वाट आत एक होते. गर्भाशय आणि अंडाशय मात्र नेहमीसारखे असतात.

उपचारही याच चित्रातून समजतो. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलची जागा घेणारं औषध, देणं म्हणजे कोरड्या फडाला बाहेरून पाणी आणून देणं. फड भिजला की पाटकरी बंधाऱ्याचं दार खाली घेतो आणि तिसऱ्या फडातलं तुंबणं आपोआप थांबतं. चाकू या बिघाडाला हातच लावत नाही. बाहेरचा आकार बदलला तरी आतलं दार अडकलेलंच राहतं.

अशा चार बाळांपैकी साधारण तिघांत मिठाची चारीही कोरडी असते. ती बाळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खालावतात. दूध ओढत नाहीत, उलट्या होतात, वजन घटतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि पोटॅशियम चढतं, मग शॉक. खान्देशच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, ‘ऊन लागलं’ म्हणून घरगुती उपाय सुरू होतात. मुलग्यांना धोका आणखी मोठा. त्यांचे अवयव नेहमीसारखेच दिसतात, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

हा दोष आईबाप दोघांकडून येतो. नंदुरबार-धडगावकडे सिकलसेलचे ‘वाहक’, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे, हे गावोगाव माहीत आहे. हिशेब तोच. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. आधीचं बाळ महिन्याच्या आत उलट्या होऊन गेलं असेल, तर पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तेही.

मग ऑपरेशन कधी लागतंच?

लघवी बाहेर पडायला अडथळा असेल, आतडं किंवा मूत्राशय उघडं असेल, तर थांबता येत नाही. याबद्दल कुणाचाच वाद नाही. तमिळनाडूच्या बंदीतही जीव वाचवणारी शस्त्रक्रिया वगळलेली आहे.

दुसरं कारण कर्करोगाचं, आणि इथे सरसकट उत्तर चालत नाही. वाय गुणसूत्र असून जननग्रंथी नीट घडलीच नसेल आणि ती पोटात असेल, तर गाठ होण्याचा धोका १५ ते ३० टक्के किंवा त्याहून अधिक धरला जातो. ती लवकर काढणंच योग्य. पण संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता नावाच्या स्थितीत गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे मुलग्याची, असतात, पण शरीर पुरुषी हार्मोनला दाद देत नाही, म्हणून मूल पूर्ण मुलीसारखं दिसतं. तिच्या पोटातल्या किंवा जांघेतल्या वृषणात वयात येण्याआधी गाठ होण्याचा धोका एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. ते वृषण राहिले तर त्यांच्याच हार्मोनपासून तिची छाती भरते, हाडं बळकट होतात. काढले तर आयुष्यभर गोळ्या, आणि त्या चुकल्या की हाडं ठिसूळ. मुलीच्या जांघेत हर्निया म्हणून ऑपरेशन सुरू होतं आणि आत वृषण दिसतो, असं घडतं. तेव्हा सर्जनने हर्निया शिवून बाहेर यावं, ग्रंथी तिथल्या तिथे काढू नये, आणि आधी निदान पूर्ण करावं.

मूत्रमार्गाचं तोंड शिश्नाच्या खालच्या बाजूला असणं, म्हणजे हायपोस्पेडियास, हे दोनशे-तीनशे मुलग्यांत एकाला असतं. त्याचं ऑपरेशन सहसा ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. लघवीची धार नीट यावी म्हणून की दिसायला बरं म्हणून, यावर इथेही वाद आहे. सुंता करणाऱ्या कुटुंबांनी एक मात्र लक्षात ठेवावं: अशा मुलाची सुंता आधी करू नये. दुरुस्तीला तीच कातडी लागते. आणि तोंड खाली असून दोन्ही वृषणही हाताला लागत नसतील, तर ही साधी हायपोस्पेडियास समजू नये. आधी सीएएच नाही याची खात्री करावी.

वादातली ऑपरेशनं: काय करतात, काय बिघडतं

वाद आहे तो प्रामुख्याने तीन गोष्टींवर: शिश्निका लहान करणं, योनीची वाट तयार करणं, आणि ‘ठरवलेल्या’ लिंगाशी जुळत नाहीत म्हणून निरोगी जननग्रंथी काढणं.

शिश्निकेच्या वरच्या अंगाने, दोन्ही बाजूंनी, संवेदना नेणाऱ्या नसांचे जुडगे जातात. पूर्वी अख्खी शिश्निकाच काढत. आता आतला भाग कमी करतात आणि नसा जपण्याचा प्रयत्न करतात. पण दोन वर्षांच्या बाळात त्या नसा अतिशय बारीक असतात, आणि संवेदना उरली का हे त्या बाळाला विचारता येत नाही. कळतं ते वीस वर्षांनी.

योनीची वाट लहानपणी केली तर जखमेचा व्रण शरीराबरोबर वाढत नाही, तो आवळतो. वयात येताना वाट अरुंद होते आणि कित्येकींना दुसरं ऑपरेशन लागतं. वाट उघडी ठेवायला नळी घालून रुंद करत राहावं लागतं. लहान मुलीला आईने घरी हे करणं दोघींसाठीही भयंकर असतं, आणि वयात येण्याआधी ते करू नये अशीच आता शिफारस आहे. पाळी सुरू होईपर्यंत त्या वाटेचं काहीच काम नसतं. मुलगी मोठी झाली की ती स्वतः ठरवू शकते, स्वतः काळजी घेऊ शकते, आणि ऊतीही वाढलेल्या असतात. माझ्या मते या एका ऑपरेशनबाबत लहानपणी करण्याची बाजू सगळ्यात लंगडी आहे.

ही घाई आली कुठून?

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मानसतज्ज्ञ जॉन मनी यांनी मांडलं की मूल स्वतःला मुलगा समजेल की मुलगी, हे वाढवण्यावर ठरतं. म्हणून लवकर शरीराला आकार द्या आणि ठामपणे वाढवा. त्यांचं गाजलेलं उदाहरण आंतरलिंगी नव्हतंच. कॅनडातल्या डेव्हिड रायमरचं शिश्न १९६६ मध्ये, तो काही महिन्यांचा असताना, सुंतेच्या अपघातात जळालं. मनींच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं, वृषण काढले. प्रयोग यशस्वी झाला असं जगाला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात त्या मुलाने मुलगी होणं कधीच स्वीकारलं नाही, कुमारवयातच तो पुरुष म्हणून जगू लागला. १९९७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात उघड झालं. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. पण तोवर चार दशकं डॉक्टर हेच शिकत आले होते.

२००५ मध्ये शिकागोत तज्ज्ञांची परिषद झाली आणि तिने सावध भूमिका घेतली. २०२० मध्ये शिकागोच्याच लुरी बालरुग्णालयाने आधी केलेल्या अशा शस्त्रक्रियांबद्दल जाहीर माफी मागितली.

‘लहानपणी जखम लवकर भरते, आठवणही राहत नाही’

लहान वयात ऊती लवचीक असतात, हे सर्जन लोकांचं म्हणणं खोटं नाही. पण जखम भरणं आणि पंचवीस वर्षांनी अवयव नीट काम करणं यांत फरक आहे. आठवणीबाबत म्हणाल तर मूल पुढे वारंवार तपासणीला जातं, कुणी काही सांगत नाही, सगळे कुजबुजतात. ऑपरेशन आठवत नाही, पण घरातली लपवाछपवी आठवते.

‘शाळेत चिडवतील, आश्रमशाळेत काय करायचं?’

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. अक्कलकुवा-धडगावच्या आश्रमशाळेत मुलं एकत्र आंघोळ करतात. थांबण्याची किंमत मुलाला मोजावी लागते, हे मान्य करायला हवं. पण त्यावर उपाय दारं आणि कड्या यांत आहे: वेगळं स्नानगृह, अधीक्षकांना विश्वासात घेणं, मुलाला ‘माझं शरीर माझं आहे, मी कुणाला दाखवणार नाही’ हे वाक्य शिकवणं. किती जणांना सांगायचं तेही ठरवा. आईबाप, सांभाळणारी आजी, डॉक्टर, आणि पुढे शाळेतलं एक माणूस पुरे.

‘आमचं मूल, आम्ही ठरवू’

लस, अपेंडिक्स, मोडलेलं हाड याबाबत आईबापच ठरवतात, कारण थांबलं तर नुकसान होतं. आता सातबारा आठवा. जमीन अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या स्वतःच्या नावावर असेल तर आईबाप ती कसतात, राखतात. पण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. गेलेली जमीन मूल मोठं झाल्यावर सहज परत मिळत नाही, म्हणून हे बंधन आहे. दोन एकरांसाठी कायदा इतका जपतो. शरीराचा भाग तर परत मिळण्याचा प्रश्नच नाही.

‘पण त्यातल्याच काही स्त्रिया म्हणतात, लहानपणी झालं ते बरं’

म्हणतात, आणि त्यांचं ऐकलं पाहिजे. सीएएच असलेल्या अनेक प्रौढ स्त्रिया आणि त्यांचे पालक सरसकट बंदीच्या विरोधात आहेत. आपण मुलीच आहोत, आपल्याला आंतरलिंगी म्हणूही नका, असं त्यांतल्या काहींचं म्हणणं आहे. दोन्ही बाजूंना वीस-तीस वर्षं पाठपुरावा करून केलेली पक्की तुलना उपलब्ध नाही. तरी माझा कौल थांबण्याकडे आहे. न केलेलं ऑपरेशन चौदाव्या वर्षी मुलीने मागितलं तर करता येतं. केलेल्या ऑपरेशनात गेलेली संवेदना मात्र आणता येत नाही.

‘म्हणजे मूल ना मुलगा ना मुलगी असंच ठेवायचं?’

नाही. तपासण्या झाल्यावर डॉक्टर आणि आईबाप मिळून मुलगी किंवा मुलगा ठरवतात, नाव ठेवतात, तसंच वाढवतात. त्यासाठी चाकू लागत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतरही घालता येतं, वर्षभर तर शुल्काशिवाय. नोंदीतली चूक दुरुस्त करण्याची तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. दाखल्यासाठी ऑपरेशन उरकण्याची गरज नाही.

न्यायालयं काय म्हणतात

२२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सांगितलं की आईबापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने बंदीचा आदेश काढला. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयात एका सात वर्षांच्या मुलाच्या आईबापांनी शस्त्रक्रियेची परवानगी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही आणि जिवाला धोका आहे का हे तपासायला तज्ज्ञ समितीकडे प्रकरण पाठवलं. युरोपात माल्टाने २०१५ मध्ये सगळ्यात आधी कायदा केला, जर्मनीने २०२१ मध्ये. तमिळनाडूचा आदेश महाराष्ट्राला लागू नाही. इथे अजून बरंचसं डॉक्टर आणि आईबाप यांच्या विवेकावरच आहे.

पहिले तीन आठवडे

लिंगाबद्दल शंका असेल तर नर्सने अंदाजाने काही सांगू नये. ‘बाळ छान आहे, तपासणी करून सांगतो’ एवढंच. दोन्ही वृषण हाताला लागत नसलेलं, मुलग्यासारखं दिसणारं बाळ तपासणी होईपर्यंत सीएएच असलेली मुलगी समजून सांभाळायचं, हा नियम पाळला तरी कितीतरी जीव वाचतील.

जन्मानंतर ४८ तास झाले की १७-ओएचपी ही सीएएच ओळखणारी रक्ततपासणी करावी. त्याआधी केली तर आकडा निरोगी बाळातही वाढलेला येतो. सोडियम, पोटॅशियम आणि साखर लगेच तपासावी, आणि पहिला निकाल चांगला आला तरी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. गर्भाशय आहे का ते सोनोग्राफीत दिसतं. गुणसूत्रांच्या तपासणीला एक ते तीन आठवडे लागू शकतात. त्यासाठी मिठाचा उपचार अडवून ठेवू नये. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयांत बालरोगतज्ज्ञ असतात. हार्मोनच्या तज्ज्ञांसाठी पुणे-मुंबई किंवा सुरत गाठायची असली तरी सोडियम बघूनच निघावं.

आशाताईंच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. सातवा, चौदावा आणि एकविसावा दिवस नेमका धोक्याच्या काळात येतो. चौदाव्या दिवशी वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी आणि सोबत उलट्या, तर त्याच दिवशी दवाखाना.

सीएएच निघाला तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून तीनदा, मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनची जागा घेणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि तान्ह्या बाळाला दिवसाला १ ते २ ग्रॅम मीठ दुधातून विभागून, असा साधारण उपचार असतो. डोस डॉक्टर शरीराच्या आकारमानावर काढतात. ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून गोळी बंद करू नका. इथे ती शरीरात नसलेल्या हार्मोनची जागा घेते, आणि अचानक थांबवली तर जीव जातो. तापात डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. गोळी उलटून पडत असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं: तीन वर्षांखाली २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षं ५०, त्यापुढे १००. हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि एक प्रत गावातल्या आरोग्य केंद्रात द्या. तालुक्याच्या दुकानात फ्लुड्रोकॉर्टिसोन नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून महिनाभराचा साठा घरात हवा.

कुणी ऑपरेशन सुचवलं तर पाच प्रश्न विचारा. आता केलं नाही तर नेमकं काय बिघडेल, आणि कधी? हे लघवीसाठी आहे, कर्करोगासाठी की दिसण्यासाठी? संवेदना गेली तर परत येते का? पुन्हा किती वेळा करावं लागू शकतं? मूल मोठं झाल्यावर हेच करता येईल का? घाईघाईने सही मागितली तर कागद घरी नेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही. बाळाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका जमला किंवा कुणी मोबाइलवर फोटो काढू लागलं, तर ‘नको’ म्हणायचा हक्क आईला आहे.

मुलाला टप्प्याटप्प्याने सांगा. चौथ्या-पाचव्या वर्षी ‘तुझं शरीर थोडं वेगळं आहे, म्हणून ही गोळी’, नवव्या-दहाव्या वर्षी वयात येताना काय होईल ते, कुमारवयात निदानाचं नाव आणि सगळे रिपोर्ट. ग्रंथी काढली असेल तर तिचा पॅथॉलॉजीचा अहवाल आणि ऑपरेशनची नोंद रुग्णालयातून लगेच मागून घ्या. रुग्णालयं जुने कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, आणि आपल्या शरीरावर काय केलं गेलं हे शोधत फिरणाऱ्या प्रौढांच्या हाती मग काहीच लागत नाही.